कुंपणावरचा शेवगा

तिचं नाव मी कधीच विचारलं नाही. आमच्या बों अक्योय गावात सगळे तिला मावशीच म्हणायचे. ती चालायची जवळजवळ धावतच, आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य तिथल्या क्रेओल बोलीत संपवायची.

त्या वर्षी साखर कारखान्यात संप झाला आणि गावात दोन तट पडले. बाबा संपात होते, शेजारचे काका कामावर जात. भाजीची गाडी येईना. कुंपणावरून होणारी वाटी-वाटीची देवाणघेवाणही थांबली. दोन्ही घरांत नुसता भात, आणि आम्ही पोरं सुकत चाललेलो.

एका सकाळी मावशी शेवग्याच्या फांद्यांचा भारा घेऊन आली आणि थेट आमच्या कुंपणात एक फांदी रोवू लागली. बाबा ओरडले, "मावशी, शेवगा दाराशी लावला की घरात भांडण येतं!"

"आयो! पोरांना मांजे, खायला नको? आणि भांडण तर आधीच आलंय, दादा. आता भाजी येऊ दे!"

बाबांनी फांदी उपटली. तिने परत रोवली. तीन वेळा! मी तिच्यामागे तिच्या घरापर्यंत पळाले, तर तिच्या अंगणातल्या शेवग्याचं नुसतं खोड उरलेलं. अख्खं झाड तिने गावातल्या कुंपणांना वाटून टाकलं होतं!

संप मिटला, अबोला मिटला नाही. फांदी मात्र फुटली, उंच झाली. एके दिवशी आईचा हात पाल्यापर्यंत पोचेना, तेव्हा पलीकडून कुणीतरी फांदी वाकवून धरली. काका होते! बाबांनी ते पाहिलं, आत गेले आणि दोन टोपल्या घेऊन बाहेर आले.