माझं डोकं दुखत नाही, हे इंग्रजीतून

माझी लेक बंगळुरूला असते. जावई केरळचा. त्याची भाषा लेकीला येत नाही, लेकीची त्याला येत नाही, म्हणून दोघं घरात इंग्रजी बोलतात. पोरगी झाली, तीही इंग्रजीच बोलायला लागली. मराठीतला तिला एकच शब्द येतो, आजी. तो म्हणून झाला की ती आईकडं बघते. पुढचं तू बोल, म्हणून.

नात कशी आहे असं कुणी विचारलं तर मी सांगते, फोनमध्ये छान दिसते. तिला मी अजून हातात घेतलेलं नाही. बाळंतपण तिकडंच झालं, जावयाच्या आईनं केलं. मग इकडं यायचं दोनदा ठरलं. एकदा रोगाच्या बंदीनं राहिलं, एकदा जावयाच्या नोकरीनं. तूच काहून गेली न्हाईस, असंही लोक विचारतात. मला गाडी लागते. हिंगोलीपर्यंत जीपनं जायचं तरी तोंडाला पदर लावून बसावं लागतं. आणि खरं सांगायचं तर लेकीनं ये म्हटलं नाही, येऊ का असं मी विचारलं नाही.

दर रविवारी सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. सून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून माझ्यासमोर ठेवते. पोरगी दिसली की माझे हात आपोआप वर जायचे. आमच्याकडं लेकरू डोळ्यांत भरलं की बाया दोन्ही हात त्याच्या तोंडावरून उतरवतात, आपल्या कानशिलांवर नेतात आणि बोटं मोडतात. बोटं जितकी कडाकडा वाजतील तितकी दृष्ट लागली होती असं समजायचं. माझी सगळी वाजायची. समोर लेकरू नाही, काच आहे, हे हातांना काय कळतं?

असे बरेच रविवार गेले आणि पोरगी फोनवर यायची कमी झाली. यायची, आजी म्हणायची आणि पळायची. पुढं पुढं नुसती तिची पाठ दिसायला लागली.

मी लेकीला विचारलं, "पोरगी काहून येईना गं फोनवर?"

"खेळून राहिली, माय."

"बरी मी दिसायच्या वक्तालाच खेळती."

लेक फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. मग म्हणाली, "माय, तिला वाटतं, तिला पाह्यलं की तुझं डोकं दुखतं. तू दोन्ही हातांनी डोकं धरतीस ना. मला म्हणली, मी समोर गेले की आजीला तकलीफ होती, म्हणून मी जात न्हाई."

सून तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही.

"मग सांग की तिला, हे काय असतंय ते."

"सांगितलं. नजर इंग्रजीतून सांगायला गेले तर ती अजूनच भ्याली. खिडकीचा पडदा लाव म्हणली, कुणाचा तरी वाईट डोळा आत येईल म्हणून. माय, तू ते करूच नको ना आता."

पुढच्या रविवारी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पोरगी दाराआडून डोकावली, मी बरी आहे की नाही ते बघितलं आणि गेली. हात दाबून काही उपयोग झाला नाही. तिच्या मनात बसलेलं निघत नव्हतं. आई आजीची बाजू घेणारच, हे तेवढ्या लेकरालाही कळतं. माझं डोकं दुखत नाही हे मीच सांगायला पाहिजे होतं, आणि तिला कळेल असं.

मी चौथी शिकलेली. तेव्हा चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतं. सून बारावी आहे. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि आम्ही दोघी गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं करत बसलो होतो. मी विचारलं, "डोक्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

"काहून, आत्या? दुखून राहिलं का?"

"तू बी तेच सुरू केलंस का? सांग."

"हेड."

"हेडमास्तरातलं?"

"व्हय, तेच. शाळेचं डोकं म्हणजे हेडमास्तर."

"आमच्या हेडमास्तरला डोकं असल्याचं कधी दिसलं न्हाई," मी म्हणाले.

नुसता शब्द येऊन भागत नाही, त्याच्या मागंपुढं काही लावावं लागतं. सुनेनं पहिलं वाक्य दिलं, धिस इज माय हेड. ते सोपं होतं. दुसरं दिलं, माय हेड डज नॉट हर्ट. त्यातलं डज नॉट माझ्या जिभेवर बसेना. भाकरी थापताना म्हटलं, गोठा झाडताना म्हटलं. मुलानं बाहेरून विचारलं, "माय, कुणाशी बोलून राहिलीस?" सून चुलीपासून ओरडली, "त्यांच्या हेडशी!"

तिसरं वाक्य मी माझ्या मनानं मागितलं. तुझ्या डोक्याला मला हात लावायचाय, हे कसं म्हणायचं?

"हे कशाला पाहिजे, आत्या? डोकं दुखत न्हाई एवढं सांगितलं की झालं की."

"तू शिकवायचं काम कर."

तिनं शिकवलं. आय वाँट टू टच युवर हेड. आणि मग ती खाली मान घालून हळकुंडं निवडत राहिली.

रविवारी लेक फोनवर आली तशी मी म्हणाले, "तिला बोलाव, आणि तू मधी बोलू नको."

पोरगी आली ती आईला टेकून, अर्धी मागं. मी डोक्याला एक बोट लावलं. धिस इज माय हेड. ती बघत राहिली. माय हेड डज नॉट हर्ट. ती आईच्या मागून बाहेर आली आणि भराभर काहीतरी बोलली. लेक सांगायला लागली, "माय, ती म्हणती…"

"तुला गप बस म्हणलं ना."

आणि मी तिसरं म्हटलं. मला वाटलं होतं, ती हसेल किंवा पळेल. ती खाली वाकली आणि डोकं फोनजवळ आणलं, इतकं जवळ की फोन सगळा काळा झाला. मधून एक वाकडा भांग गेलेला. माझा हात गेलाच. बोटं हळदीनं पिवळी होती, ती काचेवर टेकली, आणि फोन बंद पडला.

"आत्या, लाल खुणेवर बोट ठिवलं तुम्ही! कट झाला!"

मी सुनेला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात फोन परत वाजला. या वेळी पोरगी एकटी होती. आईचा आवाज कुठूनतरी लांबून, भांड्यांतून येत होता. पोरगी म्हणाली, "आजी, हेड?" मी तिन्ही वाक्यं परत म्हटली. तिनं पुन्हा म्हणायला लावली, मी पुन्हा म्हटली. मग ती बोलायला लागली. काय बोलली देव जाणे. मी व्हय, व्हय करत राहिले. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडलं नाही.

पुढं तिनं कागद घेतला आणि वाकून चित्र काढायला बसली. फोन बंद केला नाही. तिचं तोंड दिसत नव्हतं, डोकंच दिसत होतं. केसांना तेल नव्हतं, वर पंखा असावा, भुरभुर उडत होते. हळद तशीच पडली होती, सून दोनदा बोलवून गेली, मी उठले नाही. लेकरांच्या डोक्याला एक वास असतो. माझ्या पोरांचा मला अजून सांगता येतो, एकेकाचा वेगळा. हिचा माहीत नाही. लेकीला विचारलं तर ती साबणाचं नाव सांगेल.