बद्रीनाथ गुरुजींचे चिंचोके

वडवणीच्या पुढच्या एका गावात शाळेचं छत खचलं, तेव्हा सातवीच्या दोन्ही तुकड्या सोसायटीच्या गोदामात आल्या. दुष्काळात खत उचलतंय कोण? गोदाम रिकामंच होतं. मधे पोत्यांचा पडदा. अलीकडं बद्रीनाथ गुरुजी, बावीस वर्षं गणितात घासलेले. पलीकडं कौशल्याबाई, नोकरीचं दुसरंच वर्ष.

बाई नाणी उडवायला लावून संभाव्यता शिकवायच्या. तिकडून खिदळणं यायचं आणि इकडं गुरुजींचा तिळपापड व्हायचा. त्यांची पोरं फळ्याकडं कमी, पोत्याच्या फटीकडं जास्त बघायची. "जुगार शिकवायचा पगार घेतेय," असं ते हापशावर चारचौघांत बोलूनही आले. पण केसरनं, आईबाप कड्याच्या कारखान्याला ऊस तोडायला गेलेल्या पोरीनं, एक दिवस सरळच विचारलं, "गुर्जी, मी बाईंच्या वर्गात बसू का?"

हे मात्र गुरुजींना झोंबलं. त्यांनी अख्खी दुपार घालवून चिंचोके फोडले. एक बाजू सपाट, पांढरी. दुसरी फुगीर, काळी.

"नाणी काय, कुणीबी उडवील!" पडद्यापार जाईल अशा आवाजात म्हणत त्यांनी फळ्यावर आधीच उत्तर ठोकलं : पांढरी निम्मी, काळी निम्मी.

चिंचोके एकेक करून दोनशे वेळा टाकले. पांढरी बाजू वर एकाहत्तर वेळा, काळी एकशे एकोणतीस.

"नीट मोजा की बे!"

पुन्हा दोनशे. पांढरी अडुसष्ट. पलीकडचं खिदळणं थांबलेलं. तिकडं सगळे कान टवकारून बसलेले.

"केसर," ते हळूच म्हणाले, "शंभर-शंभर लिही."

"न्हाई गुर्जी. पडलं तेच लिव्हलंय. पर दोन्ही खेपंला काळंच कावून जास्ती?"

गुरुजींनी वर पाहिलं. सगळी पोरं फळ्याकडं बघत होती. फटीकडं एकही नाही.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि पोरं घागरी घेऊन पळाली. गुरुजींनी अभिमान गिळून पडद्याचं पोतं उचललं. "बाई, हे असं का पडतं?"

कौशल्याबाईंनी चिंचोका पाच-सहा वेळा टाकून पाहिला. "सपाट बाजूवर बसतो, म्हणून काळी वर येते. पण नेमकं किती वेळा, ते टाकून मोजल्याशिवाय कळायचं नाही." मग म्हणाल्या, "नाणं निम्मं-निम्मं पडतं. माझ्या पोरांनी मला 'का' असं कधी विचारलंच नाही." त्यांचा चेहरा उतरला होता. "मूठभर द्या ना गुरुजी, उद्याच्याला."

तो चेहरा गुरुजींनी ओळखला. दोन महिने तो त्यांचाच होता.

हातातल्या चिंचोक्यांवर मूठ आवळून ते म्हणाले, "चिंचंखाली लई पडलेत. घ्या येचून."

जाताना त्यांनी पडदा नीट ओढला. फट तेवढी मुद्दाम ठेवली.