पिकअपला होडीचा तळ

परवा शेजारी सुताराने सागाची फळी कापली. त्या वासासरशी मी चाळीस वर्षं मागे, दातिवऱ्याला नवी सून होऊन उभी राहिले.

लग्नाला दोन महिने झाले होते, तरी सासरी माझं तोंड उघडत नव्हतं. सासऱ्यांची जुनी पिकअप पालघरच्या बाजारात मासळी न्यायची. बर्फाच्या खाऱ्या पाण्याने तिच्या हौद्याचा पत्रा इतका गंजला, की एके सकाळी बोंबलांची पाटीच खाली रस्त्यावर गेली. "नवा तळ केल्याबिगर मी बसायची नाय," सासूबाईंनी बजावलं.

मग होड्या बांधणाऱ्या पांडूकाकांनी पत्रा काढून सागाच्या फळ्या ठोकल्या आणि सवयीने सगळ्या फटींत कापूस कोंबून वर राळ लावली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऐटीत मागे बसलो. सफाळ्यापर्यंत बर्फ वितळला आणि पाण्याला जायला वाटच नव्हती. सासूबाईंच्या चपला तरंगायला लागल्या.

"अवो, ही गाडी हाय का होडी?" त्या ओरडल्या.

सासऱ्यांनी गाडी थांबवली, खाली वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पांडूचं काम पक्कं हाय. एक थेंब गळला नाय."

तोंडावर पदर धरला, तरी मला हसू फुटलंच. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी घाबरून गप्प झाले.

"हास गो," सासूबाई म्हणाल्या, "दोन महिने वाट बगतो आमी."

तेव्हा मी नुसती लाजले. आज माझी नवी सून घरात गप्प वावरते, तेव्हा कळतं, ते दोन महिने त्यांना किती लांब वाटले असतील.