एफ-टूची सात बटणं

खटखटताईंनी सात कीबोर्डांवरची सात बटणं केसातल्या पिनेने उचकटून काढली, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरली आणि ती डबी अधीक्षकांच्या नाकासमोर खुळखुळवली, तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते.

“ही काय भानगड आहे?” अधीक्षकांनी विचारलं.

“एफ-टू,” ताई म्हणाल्या. “सातच्या सात. आता काय चौकशी करायची ती करा.” आणि डबी पर्समध्ये टाकून त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

खुर्चीचा पाय मोडला, पंख्याचं पातं वाकलं, तर कुठला फॉर्म भरायचा हे अधीक्षकांना तोंडपाठ होतं. कीबोर्डची बटणं उपटणाऱ्या बाईसाठी मात्र त्यांच्या कपाटात फॉर्म नव्हता. त्यामुळे ते बराच वेळ नुसतेच लाल होऊन बसले.

ताई हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात टायपिस्ट. डॉक्टरीणबाई एकेक फोटो बघून रेकॉर्डरमध्ये बोलायच्या आणि ते ऐकून अहवाल टाइप करायचं काम सातजणी करायच्या. ताईंना तिथे एकोणीस वर्षं झाली होती. दिवसाला साठ अहवाल, आणि त्यात खाडाखोड शोधायला जावं तर हात हलवत परत यावं लागे. टायपिंग त्या मावशीच्या क्लासमध्ये शिकल्या. मावशी मुलींच्या हातांवर टॉवेल टाकायची. “बघायचं नाही. डोळे कागदावर. बोटांचं बोटांना कळू दे,” म्हणायची, आणि टॉवेल उचलून खाली डोकावणाऱ्या मुलीला पट्टी बसायची. ताईंना ती दोनदाच बसली, तिसऱ्यांदा कधी लागली नाही. खटखट हे नाव त्यांच्या हातांच्या आवाजावरून पडलं. नाकावर राग असल्यामुळे ते टिकलंही.

नवं सॉफ्टवेअर दीड वर्षापूर्वी आलं, तेव्हा ताईंनी त्याला नावं ठेवली नाहीत, हे आधी सांगायला हवं. नाहीतर नवं काही शिकायला नको असलेली खडूस बाई असा त्यांचा फोटो डोळ्यांसमोर येईल. अधीक्षकांच्या डोळ्यांसमोर तो आलाच होता. उलट ताई चार दिवसांत सगळं शिकल्या आणि बाकीच्यांना त्यांनीच शिकवलं. पाच स्क्रीन होते: नावनोंदणी, अहवाल, दुरुस्ती, पत्र आणि दाखला. पाचही ठिकाणी एफ-टू दाबलं की लिहिलेलं जतन व्हायचं, फॉर्म कोरा व्हायचा आणि पुढचा पेशंट घ्यायचा. दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा एफ-टू. पंधरा दिवसांत ते बोटात इतकं मुरलं की घरी मुलीला पत्ता लिहून देतानाही शेवटी ताईंच्या डाव्या हाताचं बोट टेबलावर टेकायचं.

मग सहावा स्क्रीन आला. त्याचं नाव फेरतपासणी. फोटोत काही संशयास्पद दिसलं की डॉक्टरीणबाई सांगायच्या, आठ दिवसांत परत बोलवा. त्या पेशंटचं नाव आणि फोन नंबर या स्क्रीनवर भरायचा, आणि त्या यादीवरून फोनवरच्या बाई पेशंटला बोलवायच्या. पेशंटला सांगितलेलं असायचं की तुम्ही येऊ नका, आम्ही बोलावू. म्हणजे यादीत नाव नाही तर फोन नाही, आणि फोन नाही तर माणूस घरी निवांत बसलेला.

या सहाव्या स्क्रीनवर जतन करायचं बटण होतं एफ-सेव्हन. आणि एफ-टू दाबलं की फॉर्म कोरा व्हायचा. नुसता कोरा. लिहिलेलं सगळं गायब, आणि मशीन साधं विचारायचंही नाही की बाई, नक्की ना? पाच ठिकाणी कोरा फॉर्म म्हणजे काम झालं, आणि सहाव्या ठिकाणी कोरा फॉर्म म्हणजे काम पुसलं गेलं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसायचं. असला फॉर्म ज्याने बनवला त्याला समोर बसवून कान उपटावेत असं कुणालाही वाटेल. ताईंना तर वाटलंच.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं: ‘बटणांची माहिती स्क्रीनच्या खालच्या बाजूस दिलेली आहे. वापरणाऱ्यांनी सवय करून घ्यावी.’ दुसरी तक्रार लिहिली, तेच उत्तर आलं. तिसरी लिहिली तेव्हा अधीक्षकांनी बोलावून सांगितलं, “अहो, एका बटणासाठी किती डोकं खाता? जरा खाली बघून काम करायचं.”

एकोणीस वर्षं वर बघून काम करणाऱ्या बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेव्हा त्या गप्प बसल्या, आणि याचंच त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

एके दिवशी दुपारी खिडकीशी एक सुतार आला. साठीचा, खांद्यावर झोळी, शर्टाला भुसा. “तेवीस दिवस झाले बाई,” तो म्हणाला. “बोलावतो म्हणाले होते. काही नसेल म्हणून बसलो होतो, पण खोकला जाईना.” ताईंनी फाईल काढली. अहवाल त्यांनीच टाइप केला होता. उजव्या फुफ्फुसात सावली, आठ दिवसांत परत बोलवा. फेरतपासणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

तो अहवाल ताईंना आठवत होता. नंबर टाइप केल्याचंही आठवत होतं, कारण त्यात तीन नऊ ओळीने होते. मग बोट कुठे गेलं असणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सुताराला डॉक्टरीणबाईंकडे पोचवून त्या बाहेर बाकावर थांबल्या आणि तो आल्यावर उभं राहून म्हणाल्या, “दादा, तुमचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं. हे बटण दाबायचं सोडून ते दाबलं.”

सुताराने त्यांच्या हातांकडे बघितलं. “दोन्ही बटणं सारखीच का?” त्याने विचारलं.

पुढचे दोन दिवस जेवायच्या सुट्टीत ताईंनी सहावा स्क्रीन आल्यापासूनचे तीन महिन्यांचे अहवाल यादीशी ताडून बघितले. सुतार धरून चौदा नावं गायब होती, आणि ती सातपैकी सहाजणींच्या हातून गेलेली. त्यांनी तेरा घरी स्वतः फोन केले. एकही नाव गेलं नव्हतं ते सावकाशबाईंचं. सावकाशबाई शेजारच्या टेबलावरच्या. दोन बोटांनी टाइप करायच्या आणि प्रत्येक बटण आधी शोधून, मग खात्री करून दाबायच्या.

ताई कागद घेऊन अधीक्षकांकडे गेल्या. त्यांना वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. अधीक्षकांनी कागद वाचला आणि म्हणाले, “म्हणजे सहाजणी निष्काळजी आहेत. सावकाशबाईंची एक तरी चूक आहे का? शिका त्यांच्याकडून.”

“साहेब, मी दिवसाला अकरा करते,” सावकाशबाई दारातून म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण राहवलं नाही. “सगळ्या माझ्यासारख्या झाल्या तर पेशंट तीन-तीन महिने बसतील तुमच्या बाहेर.”

दुसऱ्या दिवशी ताईंच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस होती. एका रुग्णाच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्याबद्दल आपल्या सेवापुस्तकात तसा शेरा का मारू नये, सात दिवसांत खुलासा द्यावा. बाकी पाचजणींना तोंडी समज. सुतार ताईंच्या वाट्याचा होता, म्हणून शेरा ताईंना. आणि शेरा म्हणजे टायपिंगचं टेबल सोडून तळघरातल्या फायलींमध्ये बदली, हे सगळ्यांना माहीत होतं.

घरी नवरा नळजोडणीचं सामान पुसत बसला होता. तो प्लंबर. ताईंनी नोटीस त्याच्यापुढे टाकली आणि स्वयंपाकघरात भांडी अशी आदळली की मुलगी अभ्यास सोडून बाहेर आली.

“निष्काळजी!” ताई आतून ओरडल्या. “मी! एकोणीस वर्षांत मी एक वेलांटी चुकवली नाही, आणि हा टोणगा मला निष्काळजी म्हणतो!”

नवऱ्याने नोटीस दोनदा वाचली. “समजा, अख्ख्या बिल्डिंगमध्ये मी गरम पाणी डावीकडे दिलं,” तो म्हणाला, “आणि तुझ्याच एका बाथरूममध्ये उजवीकडे. वर छोट्या अक्षरात लिहून ठेवलं. हात कुणाचा भाजेल?”

“माझा.”

“आणि शिव्या कुणाला बसतील?”

“तुला. जोड्याने मारतील तुला.”

“मग खुलाशात तेच लिही की.”

“लिहून काय होतंय? तीन वेळा लिहिलं!” ताई बाहेर आल्या. “यांना वाचून कळत नाही. यांच्या बोटाला कळायला पाहिजे.” हे बोलून त्या एकदम थांबल्या. मग त्यांनी केसातली पिन काढून तिच्याकडे बघितलं. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हणाल्या काही नाही, भाकरी वाढते... तव्यावरची करपली तेव्हा त्यांना आठवलं की ती अजून उलटायचीच होती.

तर अशी ती बटणं निघाली. बटणाच्या जागी खड्डा राहिला, आणि खड्ड्यात रबराची बारीक गाठ. ती नखाने दाबली तर एफ-टू चालायचं, पण त्यासाठी थांबावं लागे, खाली बघावं लागे, आणि बघताना आपण कुठल्या स्क्रीनवर आहोत तेही दिसे. त्या आठवड्यात एकही नाव गेलं नाही. कामाचा वेग मात्र निम्म्यावर आला, बाहेर रांग जिन्यापर्यंत गेली, आणि अधीक्षकांनी कंपनीचा माणूस बोलावून घेतला.

चौकशी टायपिंगच्या खोलीतच झाली. अधीक्षक, डॉक्टरीणबाई, कंपनीचा माणूस आणि भिंतीशी सातजणी. कंपनीचा माणूस चाळिशीचा, बोलायला गोड. पहिले पाच स्क्रीन त्याने स्वतः बनवले होते आणि ते तो अभिमानाने सांगत होता. “ताई, मी तुमच्याच मशीनवर करून दाखवतो,” तो म्हणाला. “मग तुम्हीच ठरवा अवघड आहे का.”

“दाखवा,” ताई म्हणाल्या. “पण आम्ही करतो तसं. रेकॉर्डर लावून. आधी अहवाल, मग फेरतपासणी. पाच पेशंट.”

पहिल्या पेशंटला तो जपून गेला. अहवाल माऊसने जतन केला, फेरतपासणीवर खाली बघून एफ-सेव्हन दाबलं. “झालं!” तो म्हणाला. अधीक्षकांनी ताईंकडे बघून भुवया उंचावल्या.

दुसऱ्या पेशंटच्या अहवालाला डॉक्टरीणबाईंचा आवाज थोडा पुढे पळाला. त्याला गाठायला त्याने हात भराभर चालवले, अहवाल संपवला आणि बोट एफ-टूच्या खड्ड्यात पडलं. तो हसला. “बघा, बटण नाही हे विसरलोच. सवय हो, दुसरं काय.”

सावकाशबाईंनी ताईंचा दंड गच्च धरला.

तिसरा पेशंट. आता त्याचे हात लयीत आले होते. अहवाल झाला, फेरतपासणीचा स्क्रीन उघडला, नाव, वय, फोन नंबर, आठ दिवस, आणि डावा हात सरळ वर गेला. बोट खड्ड्यात जाऊन थांबलं.

खोलीतली खटखट बंद झाली. रेकॉर्डरवर डॉक्टरीणबाई चौथ्या पेशंटबद्दल बोलत राहिल्या. तो माणूस आपल्या बोटाकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

“दाबा की,” ताई म्हणाल्या. “रबर आहे आत. दाबा आणि तो माणूस पुसून टाका.”

“ताई, माझं लक्ष...”

“तुमचं लक्ष होतं! तुमच्याएवढं लक्ष या खोलीत कुणाचं नव्हतं! तुम्ही ते बनवलंय, तुम्हाला बोलावलंय दाखवायला, आणि तिसऱ्याच पेशंटला तुमचं बोट गेलं. आम्ही दिवसाला साठ करतो. लिहा आता तुमच्या नावापुढे निष्काळजी!” त्या अधीक्षकांकडे वळल्या. “लिहा ना साहेब. पेन देऊ?”

अधीक्षकांनी पेनाकडे बघितलं नाही. “पण ताई, मालमत्तेचं नुकसान...” एवढंच ते पुटपुटले.

“गप्प बसा हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः उठून रेकॉर्डर बंद केला.

कंपनीचा माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. त्याने बोट उचललं आणि खरं ते सांगितलं. सहावा स्क्रीन शेजारच्या खोलीतल्या लोकांनी बनवला होता. त्यांनी याला विचारलं नाही, याने त्यांना सांगितलं नाही. मधे एक भिंत होती आणि तिला दारही होतं. ताईंच्या तिन्ही तक्रारींना उत्तरं यानेच दिली होती, स्क्रीन न उघडता. “बदलतो,” तो म्हणाला. “पण तीन महिने लागतील.”

“तोवर बटणं माझ्याकडे,” ताई म्हणाल्या.

नऊ दिवसांत बदललं. सहाही स्क्रीनवर एफ-टू म्हणजे जतन, आणि फॉर्म कोरा करायचा असला तर मशीन आधी विचारतं. नोटीस मागे घेतली गेली. अधीक्षकांनी तसा कागद स्वतः आणून दिला, वर म्हणाले, “झालं ना आता समाधान?” ताईंनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्यांच्याकडे पाठ फिरवली.

सुताराचे उपचार चालू आहेत. तो आठवड्यातून एकदा येतो. दर वेळी त्याचा शर्ट जरा जास्त सैल झालेला असतो. ते तेवीस दिवस हातात असते तर काय झालं असतं, असं ताईंनी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. दुसऱ्यांदा विचारायचं धाडस ताईंना झालं नाही. सुताराने मात्र खिडकीशी थांबून विचारलं, “बाई, ते बटण केलं का सरळ?” ताई म्हणाल्या, केलं. “बरं झालं,” तो म्हणाला आणि झोळी सावरून वर गेला.

त्या दिवशी त्यांनी डबी उघडली आणि सहा कीबोर्डांवर सहा बटणं बसवून दिली. सातवं त्यांनी बसवलं नाही. त्यांच्या कीबोर्डवर अजून खड्डा आहे. दिवसातून शंभरदा त्यांचं बोट त्यात जातं, आणि दर वेळी ताई खाली बघून, नखाने, आतलं रबर दाबतात.