पानिपत, दुपारपर्यंत

यवतच्या बाजारात कांदे-बटाटे विकणारे आप्पा गिऱ्हाईक जमलं की पोत्यावरच पानिपत मांडतात. कांदे आपले, बटाटे अफगाणांचे, लसणाच्या गड्ड्या म्हणजे तोफा. "ह्ये बघा, फळी फोडली!" म्हणताना त्यांची टोपी मागं सरकते.

परवा ऐन लढाईत एका बाईंनी किलोभर कांदे मागितले.

"मावशी, जरा दम धरा," आप्पा म्हणाले. "आत्ता फौज कमी केली तर कसं व्हायचं?"

गोष्टीत दुपार झाली की आप्पा थांबतात. पुढची हार ते कधीच सांगत नाहीत. मी मुद्दाम विचारलं, "आणि दुपारनंतर?"

आप्पांनी सगळे अफगाण न तोलताच माझ्या पिशवीत ओतले.

"दुपारपतुर आपनच जिंकत हुतो. ह्ये कुनी सांगतच न्हाई."