बिनधक्क्याची गाडी

धड चालणारी वस्तू आधी बंद पाडायची आणि मग ती चालू करण्यात जन्म घालवायचा, ही विद्या आमच्या विद्यापीठात शिकवली जात असती, तर माझे थोरले साडू आज कुलगुरू असते. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात, त्यामुळं सुटका नाही. वाळूजच्या एका कारखान्यात उभी हयात इंजिनाचे भाग तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते घर तपासू लागले. मिक्सर उघडला, तेव्हापासून तो वाटत नाही, नुसता ओरडतो. दारावरची बेल दुरुस्त केली, तर बेल दाबली की न्हाणीघरातला दिवा लागायला लागला. मी हसलो तर म्हणाले, "पाहुणा आलेला कळतो ना? मग?" हा माणूस हरलेला मी कधी पाहिला नाही, कारण हरलोय हे त्याला कळतच नाही.

या सगळ्या करामतींचा मुकुटमणी म्हणजे त्यांच्या वडिलांची पांढरी फियाट. सकाळी किल्ली फिरवली की ती जरा कण्हायची आणि गप्प व्हायची. मग धक्का. समोरचे रिटायर्ड तहसीलदार पेपर काखेत मारून यायचे, दूधवाले मामू सायकल भिंतीला टेकवायचे, आणि माझ्यासारखा पापभीरू साडू बायकोच्या धाकानं यायचा. हे महाशय स्टेअरिंगवर बसून, खिडकीतून हात बाहेर काढून "लावा जोर" म्हणायचे. गाडी फुर्र झाली की चौकापर्यंत चक्कर मारून परत. तोवर ताईंनी चहा टाकलेला असायचा. गाडीला काय झालंय यावर तासभर पंचायत चालायची, आणि ज्यांना सायकलचं पंक्चर काढता येत नाही तेही मत द्यायचे. रोज! याला कुणी व्यायाम म्हणत असेल, मी याला वेठबिगारी म्हणायचो.

मग दौलताबादच्या एका लग्नाहून परतताना ताईंना पैठणी नेसून धक्का मारावा लागला. वऱ्हाडातल्या पोरींनी मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं. घरी येऊन ताई एवढंच म्हणाल्या की दसऱ्यापर्यंत गाडी बिनधक्क्याची झाली नाही, तर चितेगावच्या भंगारवाल्याला देऊन टाकीन. ताई बोलतात कमी आणि करतात सगळं. साडूंचा चेहरा उतरला. वडिलांची तेवढीच एक खूण उरली होती.

दोष डिस्ट्रिब्युटरचा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. जुन्या इंजिनात हा डबा फिरत फिरत चारी प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटतो. साडूंचं म्हणणं, वाटणारा मधे आला की गळती आलीच, मधला माणूसच नको. भंगारातून त्यांनी नव्या गाडीचा कॉइल पॅक आणला. म्हणजे दोन कॉइल एकाच ठोकळ्यात, आणि एकेक कॉइल एकदम दोन प्लगांना ठिणगी देणार. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर दात्यांचं चाक बसवायचं, शेजारचा सेन्सर दाते मोजून कधी पेटवायचं ते सांगणार. दोनपैकी एक ठिणगी वाया जाते हे ऐकून मी खवचटपणे विचारलं, हा कुठला शहाणपणा? "जाऊ द्या की," ते म्हणाले, "लग्नात अक्षता काय सगळ्या डोक्यावरच पडत्यात व्हय?"

अख्खा पावसाळा हा उद्योग चालला. ताई शेजारी टॉर्च धरून उभ्या, आणि कुठली वायर कुठं जाते हे रोज ऐकत. सेन्सर आणि चाकातली फट मोजायला साडूंनी कपाटातली लग्नपत्रिका आणली, तीही माझ्या लग्नाची! म्हणे आमच्या सासऱ्यांनी तुमच्या वेळी कागद जाड वापरला होता. शेवटी किल्ली फिरवली तर असा बार उडाला की तहसीलदार एक चप्पल टाकून घरात पळाले. या गृहस्थानं पहिल्या प्लगाची जोडी दुसऱ्याशी लावली होती आणि तिसऱ्याची चौथ्याशी. का? तर शेजारी राहतात, जोडीनं नांदतील! खरी जोडी पहिल्या-चौथ्याची आणि दुसऱ्या-तिसऱ्याची. इतकी वर्षं इंजिनं तपासून ही अक्कल. मी तोंडसुख घेतलं, त्यांनी निमूट वायरी बदलल्या.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली. आम्ही बाह्या सरसावून मागं उभे. किल्ली फिरली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आम्ही तसेच उभे राहिलो, हातांचं काय करावं कळेना. ताईंनी ओवाळलं. गाडी वाचली.

पुढं काही दिवस तहसीलदार सवयीनं फाटकाशी आले, मग पेपर घरातच वाचू लागले. मामू थांबेनासे झाले. मीही गेलो नाही, सुटलो म्हणालो. एकदा गच्चीवरून पाहिलं, तर साडू चालू गाडीत एकटेच बसलेले. हात खिडकीबाहेर, मागं जोर लावायला कुणी नाही. मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला.

परवा सकाळी ताईंनीच हाक मारली, गाडी रुसली म्हणून. तहसीलदार आधीच पोचले होते, मामूंनी सायकल टेकवली होती. किल्ली फिरवली तरी सेल्फ हूं की चूं करेना. मी बॉनेट उघडलं. सेल्फची वायर सुटून लोंबत होती आणि तिच्या टोकावर हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा होता. मी ताईंकडं पाहिलं. त्या पदराला हात पुसत होत्या.

"काय बघता भाऊजी? धक्का मारा."

मी बॉनेट लावलं आणि मारला. खिडकीतून हात बाहेर आला, "लावा जोर" ऐकू आलं, गाडी सुरू झाली. चौकातून परत आल्यावर चहाच्या आधी साडूंनी स्वतः बॉनेट उघडलं. त्या वायरीकडं बराच वेळ पाहिलं, पिवळ्या ठशावरून अंगठा फिरवला आणि वायर तशीच लोंबती ठेवून बॉनेट बंद केलं.

"दोष काय सापडंना, साडूभाऊ," ते म्हणाले. "उद्या सकाळी याल ना?"