बॉर्डर मारून येतो

भावाचा फोन यायचा, "ताय, बॉर्डर मारून येतो," की आई लगेच केरसुणी दाराआड सारून ठेवायची. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आता हा निघायचा थायलंडमधून आणि केर साठायचा पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये. शाळेत शिकवायला निघता निघता मी कुरकुरायचे, "आये, इथली धूळ त्याला तिथं आडवी जाणार हाय का?" आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे. तुझं काय जातंय?"

भाऊ गेला होता मित्रांबरोबर फिरायला, आमच्याकडची पोरं टोळीने जातात तसा. मित्र परतले, हा राहिला. समुद्रकाठच्या एका गावात आपल्याच देशातल्या कुणाचं तरी छोटं हॉटेल होतं. तिथे मासे साफ करून झणझणीत रस्सा करणारा माणूस हवा होता. आमची मिठागरं नव्या विमानतळात गेल्यापासून या पोराचं कुठल्याच कामात मन रमलं नव्हतं, ते तिथे रमलं. मला खरंच बरं वाटलं होतं.

पण कागदोपत्री तो पर्यटक. उतरताना पासपोर्टवर शिक्का मारतात, तेवढीच मुदत. ती एकदा तिथल्या कचेरीत जाऊन वाढवून मिळते. तीही संपली की देशाबाहेर पडायचं आणि पुन्हा आत यायचं, म्हणजे नवा शिक्का. हा सकाळच्या व्हॅनमध्ये बसून मलेशियाच्या हद्दीवर जायचा. इकडून बाहेर पडल्याचा शिक्का, तिकडे पोचल्याचा शिक्का, पलीकडे एक चहा, की आल्या वाटेने परत. व्हॅनमधले निम्मे लोक असलेच, वर्षानुवर्षं फिरायला आलेले.

बाबांना यात काही वावगं दिसत नव्हतं. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला. "बांधाच्या पलीकरं पाय टाकायचा नि परत यायचं, त्यात काय हाय?" मी मात्र नियम वाचत बसायचे, मास्तरीण ना. जमिनीच्या हद्दीवरून वर्षातून एखाद-दोनदा सहज सोडतात, पुढे सगळी अधिकाऱ्याची मर्जी. आणि पर्यटक म्हणून येऊन काम करताना सापडला तर मर्जीसुद्धा उपयोगाची नाही. मी हे फोनवर सांगितलं की भाऊ हसायचा. "ताय, पेपर तुझा हाय का माझा?" पण परत पोचल्याचा त्याचा फोन दर खेपेला आधीपेक्षा उशिरा येऊ लागला होता. त्याला रांगेतून बाजूला घेत होते, तेच तेच प्रश्न विचारत होते. हे तो हसत हसत सांगायचा.

त्यात त्याचा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवस घरात होत नाही, रस्त्यावर होतो. गव्हाण फाट्यावर, आमच्या गावाकडे वळतानाच, काकांनी आणि बाबांनी भलामोठा फलक लावला. खाली गॉगल आणि गळ्यात चेन घातलेली सगळी भावकी, मधे माझा भाऊ, हातात डाव, अंगात ॲप्रन, छातीवर इंग्रजीत त्या हॉटेलचं नाव. वर ठसठशीत अक्षरांत: "थायलंडचे सुप्रसिद्ध हॉटेल उद्योजक".

माझं डोकंच फिरलं. "बाबा, तो चोरून काम करतोय तिथं! उतरवा ते." बाबा म्हणाले, "उरणच्या रोडवर थायलंडचा पोलीस येतोय काय बघायला?" मिठागरं गेल्यावर गावात कुणी त्यांना हाक मारून थांबवत नव्हतं. आता लोक गाडी थांबवून हात मिळवत होते. फलक राहिला.

भावाला तर त्याचा फोटो इतका आवडला की त्याने तोच फोनच्या स्क्रीनवर लावला. मी म्हटलं, काढ. म्हणाला, "बाबांनी लावलाय, ताय. बरा दिसतो ना मी?"

पुढच्या खेपेला सकाळी फोन आला. केरसुणी दाराआड गेली. दुपार झाली, फोन नाही. नव्या विमानतळाची विमानं डोक्यावरून जात होती आणि आई प्रत्येक आवाजाला खिडकीशी जात होती. मी लावत होते, त्याचा फोन बंद. बाबा टीव्ही लावून बसले होते, आवाज बंद करून.

संध्याकाळी फोन आला. तो मलेशियाच्याच बाजूला होता. परत आत येताना अधिकाऱ्याने घरी जायचं तिकीट दाखव म्हटलं. तिकीट फोनमध्ये. याने फोन पुढे केला, तर स्क्रीनवर तो फलक. अधिकाऱ्याला मराठी कुठलं यायला? पण ॲप्रनवरचं नाव वाचता आलं, हातातला डाव दिसला. त्याने फोन शेजारच्या माणसाला दाखवला, दोघं हसले, आणि याला परत पाठवलं.

"सरळ घरी ये," मी म्हटलं.

"कसा येऊ, ताय? फाट्यावर काय लावलंय बघ ना."

"मी आत्ता जाऊन फाडते."

"नको. बाबांला लोक विचारतील." मग त्याचा आवाज जरा उजळला. "व्हॅनमधल्या एकानं काम लावून दिलंय. टायपिंगचं. आधी विमान, मग नदीच्या पलीकरं. राहायला, जेवायला तेच देतात. आणि मेन म्हणजे तिकरं शिक्का लागत नाय. पासपोर्ट तेच सांभाळतात."

नदीपलीकडच्या अशा जागांच्या बातम्या मी वाचल्या होत्या. उंच भिंती, दाराशी बंदुका, आणि आत दिवसरात्र फोनवरून लोकांना फसवायला बसवलेली पोरं. आणि माझ्या भावाने जन्मात कधी दोन ओळी टाइप केल्या नव्हत्या. मलासुद्धा तो बोलूनच निरोप पाठवायचा. असल्या पोराला टायपिंगचं काम कोण देतं?

"जाऊ नको," मी ओरडले. "ऐक माझं. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नको. टायपिंगचं काम नाय ते!"

"गाडी आली, ताय," तो म्हणाला. "बॉर्डर मारून येतो."

मी परत लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

फोनचा आवाज ऐकून आई केरसुणी घेऊन आली होती. तिचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा सैल झाला होता. "पोचला ना?" तिने विचारलं. "काढू आता केर?"

मी तिच्या हातातून केरसुणी घेतली आणि परत दाराआड ठेवली.